व्हिडिओ आर्टमधला नियम आणि आपला पाच मिनिटांचा लघुपट

व्हिडिओ आर्ट, म्हणजे बहुधा कलादालनात दाखवलेल्या व्हिडिओच्या कलाकृती, पाहून लघुपट करायचं ठरलं की पहिल्या बैठकीला बहुतेक गट त्याच तीन गोष्टी घेऊन येतात: संथ गती, कृष्णधवल चित्र आणि कुजबुजत्या आवाजातलं निवेदन. हे सगळं वरचं रूप झालं. ते कुठल्याही चित्रणावर चढवता येतं, म्हणूनच त्यातून हाती काही लागत नाही. विद्यार्थ्यांच्या लघुपटांवर काम करताना आम्ही एकच गोष्ट धरून ठेवतो. कलाकृतीचं दिसणं बाजूला ठेवायचं आणि ती कोणत्या नियमावर उभी आहे ते शोधायचं. हा नियम एका वाक्यात लिहिता आला पाहिजे, आणि ते वाक्य वाचून कॅमेरा कुठे ठेवायचा हे छायालेखकाला कळलं पाहिजे.

अमेरिकी कलावंत ब्रूस नॉमन यांनी १९७० मध्ये एक लांब, अरुंद बोळ बांधला आणि त्याच्या टोकाला एकावर एक दोन मॉनिटर ठेवले. एकावर रिकाम्या बोळाचं आधी टिपलेलं चित्र, दुसऱ्यावर प्रवेशापाशी उंचावर बसवलेल्या कॅमेऱ्याचं थेट चित्र. माणूस मॉनिटरकडे चालू लागतो तसा तो कॅमेऱ्यापासून दूर जातो. त्यामुळे पडद्यावर त्याला स्वतःची पाठ दिसते, आणि तीही लहान लहान होत जाते. नियम असा निघतो: 'जवळ जावं तसं आपलंच चित्र दूर जातं.' हे वाक्य हाती आलं की बोळ बांधायची गरज उरत नाही. सोसायटीच्या प्रवेशद्वारात वॉचमनच्या टेबलावर असलेला सीसीटीव्हीचा पडदा पुरतो. घर सोडून गेलेला मुलगा परत येतो, त्या पडद्याकडे चालत जातो आणि त्यात लहान होत जातो. एवढ्यावर एक प्रसंग उभा राहतो, आणि त्यात नॉमन यांच्या कामाची नक्कल कुठेही दिसत नाही.

मार्था रॉसलर यांची १९७५ ची 'सेमिऑटिक्स ऑफ द किचन' ही सहा मिनिटांची कृती तर अगदी कमी साधनांत झालेली आहे. अचल कॅमेरा, समोर स्वयंपाकघराचं टेबल, इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने एकेक भांडं किंवा अवजार उचलून दाखवणारी बाई. क्रम शिस्तीत चालतो, पण हातांच्या हालचाली हळूहळू हिंसक होत जातात. नियम: 'क्रम मोडायचा नाही, राग फक्त हातांत दिसू द्यायचा.' ही कृती अभिनयाच्या विद्यार्थ्यांना आम्ही आवर्जून दाखवतो, कारण चेहरा कोरा ठेवून किती सांगता येतं हे तिच्यात स्वच्छ दिसतं.

आता पाहण्याबद्दल. कलाकृती पूर्ण पाहायची, एका बैठकीत, फोन बाजूला ठेवून. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. तिसऱ्यांदा चित्राकडे पाठ करून फक्त ऐकायची. कागदावर चार रकाने आखा: वेळ, कॅमेरा काय करतो, कॅमेरा काय करत नाही, चौकटीत काय बदललं. तिसरा रकाना सर्वांत उपयोगी पडतो. कॅमेरा जवळ जात नाही, माणसामागे फिरत नाही, समोरच्याची प्रतिक्रिया दाखवत नाही असं दिसू लागलं की नियम जवळ आला म्हणून समजावं.

एक सापळा मात्र आधीच सांगायला हवा. दालनात मांडलेल्या कृतींची जी नोंद इंटरनेटवर मिळते ती मूळ कृती नसते. नलिनी मालानी यांच्या १९९८-९९ च्या 'रिमेम्बरिंग टोबा टेक सिंग'मध्ये पत्र्याच्या ट्रंकांत मॉनिटर ठेवलेले आहेत, भिंतींवर प्रक्षेपणं आहेत आणि प्रेक्षक या सगळ्यांच्या मधून चालतो. तिची चित्रफीत पाहताना कॅमेरा एका पडद्यावरून दुसऱ्यावर सरकतो. ते सरकणं नोंद करणाऱ्याचं असतं, कलावंताचं नसतं. विद्यार्थी नेमकं तेच सरकणं उचलतात. अशा कृतीसाठी आधी दालनाचा नकाशा कागदावर काढा: कुठे पडदा, कुठे आवाज, प्रेक्षक कुठून येतो. शक्य असेल तर प्रत्यक्ष पाहा. पणजीचा डिसेंबरमधला सेरेंडिपिटी कला महोत्सव किंवा कोचीचं बिएनाले (दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन) यांत हलत्या चित्रांची कामं पाहायला मिळतात.

नियम लिहून झाला की त्याला दोन परीक्षा द्यायच्या. पहिली फोनवरची: तीस सेकंदांचा एकच शॉट, नट नाही, कपडेपट नाही, फक्त नियम. त्या तीस सेकंदांत काहीच घडत नसेल तर मोठा कॅमेरा आणूनही घडणार नाही. दुसरी पटकथेची: नियम काढून टाकून प्रसंग साध्या पद्धतीने कागदावर लिहून पाहा. अर्थ तसाच राहिला, तर नियम सजावटीपुरता आहे. तो सोडून द्यावा किंवा गोष्ट बदलावी. इथे गट अडखळतात, वेळ जातो, आणि तो जाऊ द्यावा असं आमचं मत आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेतो, कारण अडचणी तपशिलात असतात. बिल व्हायोला यांची 'द रिफ्लेक्टिंग पूल' ही १९७७ ते ७९ मधली सात मिनिटांची कृती. झाडीतलं एक तळं, अचल कॅमेरा. एक माणूस झाडीतून येतो, काठावर थांबतो, उडी मारतो आणि हवेतच थिजतो. खाली पाण्यात मात्र वेळ चालू राहतो. तरंग उठतात, काठावर कुणीच नसताना पाण्यात माणसांची प्रतिबिंबं फिरतात. हवेतली आकृती विरून जाते आणि शेवटी तो माणूस पाण्यातून बाहेर येऊन झाडीत निघून जातो. नियम: 'एका चौकटीचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःचा वेळ द्यायचा.' ज्या गोष्टीत एक माणूस थांबलेला आणि घर पुढे गेलेलं आहे, तिला हा नियम बसतो.

हा नियम घेऊन असाच पाण्याकाठचा प्रसंग टिपायचा, तर जागा निवडताना जीव धोक्यात घालायचा नाही. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं अजिबात घेऊ नका, त्याच्या कडा निसरड्या असतात आणि आत पडलेल्या माणसाला वर चढता येत नाही. विहीरही नको. पायऱ्यांची बारव किंवा नदीघाट बरा, पहिल्या पायरीवर गुडघाभर पाणी असलेला. पाण्यात उडी मारण्याची गरजच नाही हे आधी समजून घ्या. थिजवायला एकच फ्रेम लागते, ती उडीच्या सर्वांत वरच्या टोकाची. नटाने कोरड्या, सपाट पायरीवर उभं राहून सरळ वर उडी मारायची, गुडघे पोटाशी घ्यायचे आणि त्याच जागी खाली यायचं. वरच्या टोकाला शरीराचा वर-खाली वेग क्षणभर शून्य असतो, म्हणून तिथली फ्रेम सर्वांत स्वच्छ मिळते. पायाखालची पायरी नंतर रिकाम्या चौकटीतून भरता येते.

कॅमेऱ्याची उंची छातीएवढी, साधारण चार-साडेचार फूट. फार वरून पाहिलं तर पाण्याचा तळ दिसतो आणि प्रतिबिंब फिकं पडतं. फार खालून पाहिलं तर प्रतिबिंब छान येतं, पण पाण्याची पट्टी इतकी अरुंद होते की तरंगांना जागाच उरत नाही. पाण्याने चौकटीचा खालचा अर्धा भाग व्यापावा. पोलरायझर फिल्टर लावलेला असेल तर काढा, तो प्रतिबिंबच खातो. समोरचा काठ गडद आणि तिथे चालणाऱ्याचे कपडे फिके असले की पाण्यातली आकृती ठळक उठते.

ट्रायपॉडची मधली दांडी पूर्ण खाली, पाय दगडावर, मध्ये वजनाला पिशवी टांगलेली, आणि तिन्ही पायांभोवती खडूच्या खुणा. कॅमेऱ्यातलं आणि लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (चित्राची थरथर कमी करणारी सोय) बंद, कारण ट्रायपॉडवर ते चित्र हळूच सरकवतं आणि थर, म्हणजे त्याच चौकटीत वेगवेगळ्या वेळी टिपून नंतर एकावर एक ठेवायची चित्रणं, जुळत नाहीत. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स सगळं हाताने ठरवून पक्कं करायचं. फोनवर काम असेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट अ‍ॅप या तिन्ही गोष्टी धरून ठेवू देतं. सेकंदाला २५ फ्रेम, शटर (प्रत्येक फ्रेम उजेड घेते तो वेळ) १/५० सेकंद. भर उन्हात फोनवर १/५० मिळत नाही, त्यासाठी एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, लागतो. तो नसेल तर ढगाळ दिवस किंवा सूर्य मावळतीच्या आधीची सावली निवडा, नाहीतर पाणी टोचणाऱ्या ठिपक्यांसारखं दिसतं.

मग थर टिपायचे, या क्रमाने. आधी रिकामी चौकट, दोन मिनिटं. हिच्यावर बाकी सगळं बेतलेलं असतं, तरी घाईत नेमकी हीच राहून जाते. मग माणूस येतो, थांबतो. मग उडी, यासाठी शटर १/५००. प्रकाश दहापट घटतो, तो आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) १०० वरून १००० करून भरून काढा. लेन्सचं छिद्र उघडून भरू नका, कारण त्याने मागच्या झाडीची स्पष्टता बदलते आणि जोड उघडा पडतो. मग तरंग: चौकटीबाहेरून लहान खडा, मोठा दगड, पाण्यात फिरवलेली काठी, प्रत्येकानंतर पाणी पूर्ण शांत होईपर्यंत थांबायचं. शेवटी प्रतिबिंबं: माणसं समोरच्या काठावरून प्रत्यक्ष चालतात, आणि संकलनात आपण काठाच्या वरचा सगळा भाग रिकाम्या चौकटीने झाकतो. उरतं ते फक्त पाण्यातलं चालणं.

यात सर्वांत जास्त घोळ सूर्य घालतो. तो तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे वीस मिनिटांत ५ अंश, आणि पायरीवरच्या सावलीत एवढा फरक उघड दिसतो. काठाच्या वरचे थर, म्हणजे रिकामी चौकट, माणूस आणि उडी, एका दमात पंधरा-वीस मिनिटांत संपवा. पाण्याचे थर तासाभराने घेतले तरी चालतात. पाण्यातला प्रकाश वरच्यापेक्षा वेगळा असला तर नियमाला त्याचा फायदाच होतो.

संकलन डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत होतं. थर एकावर एक ठेवा आणि मास्कची, म्हणजे थराचा कोणता भाग दिसावा हे ठरवणारी, रेघ काठाच्या दगडावरून न्या. रेघ नेहमी स्थिर, गडद आणि शक्यतो सरळ वस्तूवरून जायला हवी. हलणाऱ्या पानांवरून नेली तर पान अर्धं तुटलेलं दिसतं. फेदर (या रेघेच्या कडेचा मऊपणा) १०८० च्या चित्रात ४ ते ६ पिक्सेल पुरतो. जास्त दिला तर काठ धुरकट होतो. थरांचा उजेड जुळवायला चेहरा पाहू नका, एकाच राखाडी दगडावर नजर ठेवून जुळवा.

थिजलेल्या आकृतीत एक बारीक दोष राहतो. तिथला कणीदारपणाही (चित्रातले बारीक, वळवळणारे कण) थिजतो, आजूबाजूचा हलत राहतो, आणि कापून चिकटवल्याचं डोळ्याला लगेच कळतं. थिजलेल्या थरातले कण आधी साफ करा आणि मग पूर्ण चित्रावर एकसारखे हलते कण चढवा. दुसरा दोष प्रेक्षकाच्या बाजूचा आहे. चित्र थांबलं की सभागृहात लोकांना वाटतं फाइल अडकली. थिजल्यानंतर दोन-तीन सेकंदांच्या आत पाण्यात स्पष्ट हालचाल दिसायला हवी. ती दिसली की लोक निश्चिंत होतात आणि मग तुम्ही मिनिटभर थांबलात तरी बघत राहतात.

आवाज थरांतून घ्यायचा नाही. त्याच जागी वेगळा, तुकडे न करता, पाच मिनिटं टिपा आणि तो सगळ्या थरांखाली अखंड चालू द्या. चित्राचे वेळ वेगवेगळे असले तरी आवाजाचा वेळ एकच राहिला की ती जागा खरी वाटते. आवाजाला कात्री लावली की सगळी रचना युक्तीसारखी दिसू लागते.

व्हायोलांचीच १९९५ ची 'द ग्रीटिंग' संथ गतीच्या हौशींसाठी चांगला धडा आहे. पोन्टोर्मो या सोळाव्या शतकातल्या इटालियन चित्रकाराच्या चित्रावरून सुचलेली ही कृती ३५ मिमी फिल्मवर सेकंदाला ३०० फ्रेम या वेगाने टिपली. सुमारे ४५ सेकंदांची भेट पडद्यावर दहा मिनिटांच्या आसपास चालते. दोन बायका बोलत आहेत, तिसरी येते, एकीला मिठी मारून कानात काही सांगते, आणि दुसरी बाजूला पडते. तिघींमधलं नातं प्रत्येक क्षणी बदलत राहतं, म्हणून दहा मिनिटं पुरतात. केस उडवणं किंवा पावसात चालणं यांत असा बदल नसतो. फोनवर २४० फ्रेमने टिपलं तर २५ च्या टाइमलाइनवर एक सेकंद ९.६ सेकंदांचा होतो. शटर १/४८० लागतं, म्हणजे साधारण दहापट प्रकाश हवा. घरातल्या ट्यूबलाइटचा आणि बऱ्याच स्वस्त एलईडींचा उजेड ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि संथ चित्रात तो धडधडताना दिसतो. उन्हात, अंगणात, गच्चीवर टिपा.

दोन पडद्यांची रचना एका पडद्यावर आणायची असेल तर मालानींची १९६९ ते ७६ मधली 'यूटोपिया' पाहावी. १९६९ मध्ये चित्रकार अकबर पदमसी यांनी मुंबईत सुरू केलेल्या व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉपमध्ये मालानींचं फिल्मचं काम सुरू झालं. या कृतीत एका बाजूला वास्तुरचनेच्या प्रतिकृतीची रंगीत स्टॉप-मोशन (एकेक फ्रेम टिपून हलती केलेली) फिल्म आहे आणि दुसऱ्या बाजूला कृष्णधवल चित्रणात शहराकडे पाहणारी तरुणी. जवळपास चार मिनिटांत नियोजनाचं स्वप्न आणि त्याचं काय झालं हे शेजारी शेजारी उभं राहतं. मराठी विद्यार्थ्याला ही कृती मनापासून सुचवावीशी वाटते, कारण ती आपल्याच शहरात, त्या काळच्या तुटपुंज्या साधनांत झाली आहे.

१९२० × १०८० च्या चौकटीत ४:३ ची दोन चित्रं ९६० × ७२० अशी शेजारी बसतात आणि वर-खाली १८० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या उरतात. उपशीर्षकं खालच्या पट्टीत मधोमध टाका, चित्रावर नको. दोन्ही बाजूंचा कट एकाच क्षणी मारू नका, नजर कुठे जावी हे कळेनासं होतं. एक बाजू बदलली की दुसरी निदान दोन-तीन सेकंद टिकू द्या. दोन्हीकडे एकाच वेळी बोलणारी माणसं ठेवली की एकही ऐकू येत नाही. बोलणं एकीकडे, हालचाल दुसरीकडे. आणि टिपतानाच मॉनिटरवर ४:३ च्या रेघा लावा. १६:९ चं चित्र नंतर कापलं तर हात आणि डोकी बाहेर जातात.

दुसऱ्यांनी टिपलेल्या चित्रणातून लघुपट करायचा असेल तर मुंबईच्या कॅम्प या कलावंतांच्या गटाची २०१३ ची 'फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ' अभ्यासावी. कच्छच्या आखातातून निघणाऱ्या जहाजांवरच्या खलाशांनी स्वतःच्या फोनवर टिपलेली चित्रणं आणि त्यांची गाणी तिच्यात आहेत. नियम: 'चित्रण ज्या आकारात आलं त्याच आकारात राहील.' उभं चित्र उभंच, धूसर ते धूसरच. आपल्याकडे ऊसतोड टोळीतली किंवा एसटीतली माणसं आपापल्या फोनवर कितीतरी टिपत असतात. ते मागताना व्हॉट्सअ‍ॅपवर साधा व्हिडिओ म्हणून घेऊ नका, तो दाबून लहान होतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. फोनचं चित्रण बहुधा बदलत्या फ्रेमवेगाचं असतं आणि टाइमलाइनवर काही मिनिटांत आवाज ओठांपासून सुटतो. संकलनाआधी हँडब्रेक या फाइल बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं स्थिर २५ फ्रेमवर आणा. चित्रणात दिसणाऱ्या माणसांची संमती लेखी घ्या आणि टिपणाऱ्याचं नाव छायालेखनाच्या श्रेयात द्या.

याच गटाची २०२२ ची 'बॉम्बे टिल्ट्स डाउन' मध्य मुंबईतल्या ३५ मजली इमारतीवरच्या एकाच सीसीटीव्ही कॅमेऱ्यातून टिपलेली आहे. कॅमेऱ्याची जागा हलत नाही, नजर मात्र आभाळापासून खालच्या वस्तीपर्यंत उतरते. गच्चीवरून असा प्रयोग करणाऱ्यांनी शेजाऱ्यांच्या खिडक्यांत झूम करायचं नाही, एवढी मर्यादा आधीच लिहून ठेवावी.

लघुपटासोबत जोडायच्या दिग्दर्शकीय निवेदनात 'अमुक कलावंताने प्रभावित' एवढंच लिहू नका. कलावंत, कृती, वर्ष, तुम्हाला सापडलेला नियम आणि तो तुमच्या गोष्टीत कुठे बदलला हे चार-पाच ओळींत लिहा. तोंडी परीक्षेत याच ओळींवर प्रश्न येतात. मूळ कृतीचा तुकडा किंवा तिचा आवाज लघुपटात वापरायचा नाही. महोत्सवाच्या अर्जात हक्कांची हमी द्यावी लागते आणि ती देता येत नाही. नियम कुणाच्या मालकीचा नसतो, पण चौकट जशीच्या तशी, तोच कोन, तीच कृती अशी उभी केली तर श्रेय देऊनही ती नक्कलच ठरते.

प्रदर्शनाच्या दिवशी फाइल आधी त्या सभागृहातल्या प्रोजेक्टरवर चालवून पाहा. पाण्यातली फिकी प्रतिबिंबं लॅपटॉपवर दिसतात आणि मोठ्या पडद्यावर, दिवे पुरते न मालवलेल्या खोलीत, नाहीशी होतात. तसं झालं तर प्रतिबिंबाच्या थराचा उजेड थोडा वाढवून दुसरी प्रत काढा आणि दोन्ही सोबत ठेवा. प्रोजेक्टर चालवणाऱ्याला चिठ्ठीवर लिहून द्या: तिसऱ्या मिनिटाला चित्राचा वरचा भाग मिनिटभर थांबतो, फाइल बंद करू नये.